पहिल्या कामाचा ताळेबंद



हिशेबाच्या शिक्षणात एक गोष्ट पहिल्याच वर्षी सांगतात. धंद्याचा नफातोटा एका दिवसाच्या गल्ल्यावरून ठरवायचा नसतो. वर्षभराची जमा, वर्षभराचा खर्च, शिल्लक माल, येणे-देणे हे सारे मांडावे, तेव्हा कुठे ताळेबंद होतो. किराणा दुकानदाराला हे कळते, पानटपरीवाल्यालाही कळते. घरातल्या मुलामुलींचा हिशेब मात्र आपण पहिल्या दिवसाच्या गल्ल्यावर करून मोकळे होतो. पहिल्या मुलाखतीत नाव लागले नाही, पहिल्या भाषणात पोरगी अडखळली, पहिले काम कोणाच्या पसंतीस उतरले नाही, की लगेच घरातून आवाज येतो, 'जाऊ दे, ते आपलं काम नाही.'

'ते आपलं काम नाही' हे चार शब्द आपल्या वस्त्यांमध्ये फार लवकर उच्चारले जातात. पिढ्यान् पिढ्या ते बाहेरून ऐकवले गेले. आता बाहेरच्यांनी सांगायची गरज उरली नाही, आपले आपणच म्हणतो. आज यावरच चार गोष्टी बोलाव्यात असे वाटते. निमित्त आहे एका फोटोचे.

आमच्या वणीतले एक कष्टाळू घर आहे. वडील बाजार आवारात हमाली करतात, आई द्राक्षबागेत मजुरीला जाते. थोरला मुलगा बारावी झाला आणि लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका फोटोग्राफरच्या हाताखाली राहिला. दोन वर्षे त्याने दिवे धरले, वायरी गुंडाळल्या, जेवणाच्या पंगती उठेपर्यंत उभा राहिला. हात बसला, नजर तयार झाली. मग आईने बचत गटातून कर्ज उचलले आणि त्याला जुना वापरलेला कॅमेरा घेऊन दिला. एका वृत्तपत्राच्या वार्ताहराशी त्याची ओळख होती. तो एके दिवशी म्हणाला, 'उद्या भाव पडले म्हणून शेतकरी कांद्याचे लिलाव बंद पाडणार आहेत. फोटो घेऊन ये. चांगला असला तर तुझ्या नावाने लावू.'

झाले! त्या रात्री घरात कोणाला झोप नाही. मुलगा सकाळी सातपासून आवारात. दुपारपर्यंत सत्तर-ऐंशी फोटो काढले आणि धावत जाऊन पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांनी बसस्टँडवरून एक सोडून तीन अंक विकत घेतले. एक घरात ठेवायला, एक मुलाच्या मामाला, एक हमाल मंडळींना दाखवायला. अंक उघडला. बातमी होती. फोटोही होता. पण तो या मुलाचा नव्हता, कधीतरी कुठल्यातरी बाजारात काढलेला जुना फोटो होता. वार्ताहराला विचारले तेव्हा उत्तर मिळाले, 'साहेबांनी तुझे फोटो पाहिले. त्यात काही नाही म्हणाले.'

चार दिवस मुलगा घराबाहेर पडला नाही. वडिलांनी तिन्ही अंक घडी घालून माळ्यावर ठेवले, बोलले काही नाहीत. आई मात्र आमच्याकडे आली. म्हणाली, 'भाऊ, तुम्ही शिकलेले. तुमचं तो ऐकतो. ते खूळ सोड म्हणावं त्याला. कंपनीत लागला तर निदान गटाचा हप्ता तरी फिटेल. दर महिन्याला बायांसमोर मान खाली घालायची वेळ नको यायला.'

या माउलीला काय उत्तर द्यावे? 'कलेसाठी त्याग करावा लागतो' असे सांगणे सोपे आहे. पण हप्ता सांगणाऱ्याला भरायचा नसतो, तिला भरायचा असतो.

म्हणून आधी त्या मुलाबरोबर बसून ते सगळे फोटो पाहिले. खरे सांगायचे तर साहेबांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. ट्रॅक्टरची लांबच लांब रांग होती. माणसांच्या पाठी होत्या. माइकवर बोलणारे पुढारी होते, त्यांतल्या निम्म्यांचे तोंड माइकने झाकलेले. झेंडे होते. पण ज्याचा कांदा मातीमोल झाला तो माणूस कुठेच नव्हता. 'जवळ का नाही गेलास?' असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, 'संकोच वाटला भाऊ. कोणी म्हटलं असतं, तू कोण? म्हणून भिंतीवर चढून लांबूनच काढले.'

वाचकहो, या उत्तरात सगळे आले. त्याच्या हाताला कला होती, कॅमेराही बरा होता. कमी पडली ती पुढे जाऊन उभे राहण्याची सवय. ती सवय कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि हप्त्यावरही मिळत नाही. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या 'मागे उभा राहा' असेच ऐकवले गेले, त्या घरातल्या मुलाला ती कमवावी लागते, आणि कमवायला वेळ लागतो.

वृत्तपत्राला कसला फोटो हवा असतो, हेही आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. लग्नातला फोटो आणि बातमीचा फोटो यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लग्नात सगळे दिसले पाहिजेत, कोणी राहिले तर रुसवेफुगवे होतात. बातमीत एकच माणूस दिसला तरी चालतो, पण त्याच्यावरून सगळे कळले पाहिजे. छापलेला फोटो म्हणजे बारीक बारीक ठिपके असतात. भिंग लावून पाहा, दिसतील. दोन-तीन बोटे रुंदीच्या फोटोत शंभर चेहरे कोंबले तर त्या ठिपक्यांत सगळ्यांचा मिळून एक करडा डाग होतो. म्हणून जवळ जावे लागते. फ्लॅशचेही तसेच आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, चौथ्या हिश्शावर येतो. लांबून फ्लॅश मारणारा फक्त आपली बॅटरी संपवतो. आणखी एक गोष्ट. फोटोबरोबर कोण, कुठला, काय करतो आहे, कधी, हे चार शब्द लिहून पाठवावे लागतात. रात्री पान लावणाऱ्या माणसाला चौकशी करायला सवड नसते. नाव-गाव नसलेला फोटो कितीही चांगला असला तरी तो बाजूला सारतो आणि जुना काढून लावतो.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी या आपल्याच भागातले आदिवासी शेतकरी, बायाबापड्या सुमारे १८० किलोमीटर चालत १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचल्या. वनजमिनीचा हक्क ही त्यांची मोठी मागणी. त्या सहा-सात दिवसांत हजारो फोटो निघाले असतील. लाल टोप्यांचा समुद्र निघाला, व्यासपीठ निघाले, पुढारी निघाले. पण देशाच्या मनाला चटका कोणत्या फोटोंनी लावला? फोड आलेल्या, सालटे निघालेल्या तळपायांच्या. ते फोटो काढण्यासाठी रस्त्यावर बसलेल्या म्हातारीसमोर गुडघे टेकून बसावे लागले असेल. भिंतीवर चढून पाय दिसत नाहीत.

तेव्हा पहिले काम फसले याचा अर्थ काय? काम शिकायचे बाकी आहे, एवढाच. माणूस नालायक आहे असा त्याचा अर्थ होत नाही. मोठमोठ्या माणसांच्या आरंभीच्या कामांकडे पाहिले की हे कळते.

होमाई व्यारावाला हे नाव आपल्या घरांतल्या मुलींना मुद्दाम सांगावे. भारतातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली नवसारीला पारशी कुटुंबात जन्म. वडील फिरत्या नाटक कंपनीतले नट, म्हणजे घरात काही धनाच्या राशी नव्हत्या. शिक्षण मुंबईत झाले, पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९३८ साली तिचे पहिले फोटो मुंबईच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये छापून आले. त्यात ना मोठी सभा होती, ना कोणी पुढारी. महिलांच्या एका क्लबाच्या सहलीचे ते फोटो होते आणि मोबदला मिळाला एका फोटोला एक रुपया. पुढे 'इलस्ट्रेटेड वीकली'त तिचे फोटो येऊ लागले, पण बरेचसे नवऱ्याच्या, माणेकशॉ व्यारावाला यांच्या नावाने. काढायचे बाईने आणि नाव पुरुषाचे! तेव्हा एखादीने म्हटले असते, 'जाऊ दे, ते आपलं काम नाही.' होमाईने म्हटले नाही. १९४२ साली ती दिल्लीला गेली. स्वातंत्र्याचा सोहळा, माउंटबॅटन यांचे परत जाणे, नेहरूंचे कबुतर उडवणे, अशा कितीतरी क्षणांची ती साक्षीदार झाली. २०११ साली तिला पद्मविभूषण मिळाला. २०१२ च्या जानेवारीत वयाच्या ९८ व्या वर्षी ती वारली.

पण याच होमाईच्या आयुष्यात एक सल कायमचा राहिला. ३० जानेवारी १९४८ रोजी ती बिर्ला हाउसच्या प्रार्थनासभेला जायला निघाली होती. नवऱ्याने थांबवले, उद्या दोघे मिळून जाऊ म्हणाला. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. दहा वर्षे कॅमेरा हाती असलेल्या बाईच्या हातून तो दिवस निसटला. तिने काय केले? अंत्ययात्रेला कॅमेरा घेऊन हजर राहिली आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षे काम करीत राहिली. चूकभूल, योगायोग, निसटलेली संधी हे सारे पहिल्या दिवशीच येते असे नाही, दहाव्या वर्षीही येते. काम करणाऱ्याच्याच वाट्याला ते येते, बसून राहणाऱ्याचे काही निसटत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांचे. 'लाइफ' या जगप्रसिद्ध नियतकालिकाच्या त्या नामांकित छायाचित्रकार. १९४६ साली गांधीजींचा चरख्यासह फोटो काढायला गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की आधी स्वतः सूत कातायला शिका. ते केले. मग फक्त तीन फ्लॅशबल्ब वापरायची परवानगी मिळाली. त्या काळचा बल्ब एकदाच पेटे आणि निकामी होई. तीनपैकी पहिले दोन वाया गेले. एवढी नावाजलेली बाई, एवढी महागडी सामग्री, आणि दोन्ही वेळा पदरी काही नाही. तिसऱ्या बल्बला जो फोटो मिळाला, तो पुढे जगभर गेला. याच बाईंनी त्याच वर्षी डॉ. बाबासाहेबांचेही फोटो काढले, ही गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल.

आणि आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके? १९१३ मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला एवढेच आपण जाणतो. त्याआधी त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला होता. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दगावले, स्टुडिओ सोडावा लागला. त्रिरश्मी लेण्यांकडे जाताना पायथ्याशी त्यांचे स्मारक लागते. तिथे सहलीला नेलेल्या पोरांना हा बुडालेला स्टुडिओही सांगत जा.

आता एक बाजू मांडली, दुसरीही मांडली पाहिजे. नाहीतर खतावणी जुळायची नाही.

ही सारी माणसे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा प्रयत्न करू शकली, कारण मधल्या काळात चूल पेटती होती. होमाईचा नवरा 'टाइम्स ऑफ इंडिया'त हिशेबनीस होता, फोटोग्राफीही तिने त्याच्याकडूनच शिकली. एक रुपयाचा फोटो परवडला, कारण मागे दरमहा पगार होता. बर्क-व्हाइट यांचे दोन बल्ब वाया गेले, पण मागे 'लाइफ'ची तिजोरी होती. आमच्या हमालाच्या मुलामागे काय आहे? बचत गटाचा हप्ता. श्रीमंताच्या मुलाचे पहिले अपयश म्हणजे 'अनुभव' आणि गरिबाच्या मुलाचे पहिले अपयश म्हणजे 'लायकी', असा हा व्यवहार आहे. हुशारी दोघांकडे सारखीच असते. फरक असतो तो दुसऱ्या संधीच्या खर्चाचा. तो खर्च कोणी उचलायचा, हा खरा प्रश्न.

म्हणून त्या माउलीला सांगितले ते असे. 'वहिनी, कंपनीत त्याला जरूर लावा. हप्ता चुकवू नका. पण कॅमेरा विकू नका. सहा दिवस कंपनीचे, सुटीचा दिवस कॅमेऱ्याचा. एक वर्ष बघा, मग हिशेब मांडा.' त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'वर्षाचं काय नाही भाऊ. पण तो हसायचा विसरला ना, त्याचं वाटतं.' मुलाला वेगळे सांगितले. पुढच्या वेळी भिंतीवर चढायचे नाही. हमालांच्या ओळीत जाऊन उभे राहायचे. 'तू कोण?' असे कोणी विचारले तर सांगायचे, 'मी याच आवारातल्या हमालाचा मुलगा.' मोठ्या शहरातून गाडीने येणाऱ्या छायाचित्रकाराला जे कधी मिळणार नाही, ते ओळखपत्र त्याच्याकडे जन्मापासून आहे. ज्या गोष्टीचा त्याला संकोच वाटत होता, तीच त्याची जमेची बाजू आहे.

तो कंपनीत लागला. सुटीच्या दिवशी आवारात जातो. मध्यंतरी त्याने पाठवलेला एक फोटो छापून आला. पाठीवर गोणी घेतलेल्या एका वृद्ध हमालाचा. अगदी लहान, एका रकान्यात, खाली नाव नाही, मोबदलाही नाही. मुलगा यावर खूश नाही, आणि त्याने खूश नसावे हेच बरे. हातून काम घेतले तर नाव द्या, दाम द्या, हे मागणे गैर नाही. होमाईला १९३८ साली एक रुपया मिळाला होता. आजही तालुक्याच्या गावी बातमी आणि फोटो देणाऱ्या पुष्कळ पोरांना 'तुझे नाव होतेय ना, मग पैसे कशाला?' असे ऐकून घ्यावे लागते, आणि पुष्कळदा तेही नाव होत नाही. तरुणांनो, पहिल्या कामात कमी पडलात तर शिका, पण फुकट राबणे म्हणजे शिकणे नव्हे. काम घेताना नाव आणि मोबदला आधी विचारून घ्या, शक्य तर लेखी घ्या. काढलेल्या फोटोची मूळ प्रत तारीख घालून स्वतःजवळ ठेवा.

शेवटचा मुद्दा आपल्या सर्वांसाठी. आपल्या घरांच्या भिंतींवर बाबासाहेबांचे फोटो आहेत. दीक्षाभूमीवरील १४ ऑक्टोबर १९५६ च्या सोहळ्याचे आहेत. ते कोणी काढले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून तिचे चित्रीकरण केले. आज आपण पडद्यावर तो जनसागर पाहतो आणि डोळे पुसतो, पण व्हटकरांचे नाव कितींच्या ओठांवर येते? मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे, गटारात उतरणारी माणसे वर्षानुवर्षे कॅमेऱ्यात टिपणारे सुधारक ओलवे अकोल्याकडचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ते मुंबईच्या वृत्तपत्रसृष्टीत आहेत, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी कॅमेरा पुढाऱ्यांवरून काढून घाण उपसणाऱ्या हातांकडे वळवला नसता, तर ते हात कोणत्या पानावर आले असते?

आपला इतिहास आपण तोंडी पुष्कळ सांगतो. पण जो दिसत नाही तो इतिहास लोक नाकारतात. म्हणून आपल्या वस्तीत कॅमेरा धरणारी पोरे-पोरी तयार होणे, ही चैनीची नव्हे, गरजेची गोष्ट आहे.

त्यासाठी फार पैसा लागत नाही. गावोगावच्या मंडळांनी एवढे करावे. जयंतीच्या खर्चात डीजेवर उधळतो त्यातला थोडा भाग बाजूला काढून वस्तीतल्या एका मुलाला किंवा मुलीला ठरवून, पैसे देऊन फोटोचे काम द्यावे. विहारात वर्षातून एकदा त्या फोटोंचे प्रदर्शन भरवावे, प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचे नाव लिहावे. पहिल्या वर्षी फोटो वाकडेतिकडे येतील. येऊ द्यावेत. दुसऱ्या वर्षी त्याच मुलाला पुन्हा बोलवावे. सगळे मर्म त्या 'पुन्हा'त आहे. पहिली संधी ओळखीने, वशिल्याने, कधी नशिबानेही मिळून जाते. दुसरी संधी कोणीतरी मुद्दाम द्यावी लागते, आणि आपल्या मुलांना ती आपणच दिली पाहिजे.